माइक बंद, गेम चालू: सोसायटीच्या गेमिंग स्पर्धेत मुलींची नावं का येत नाहीत?

सचिव_बी_विंग
नमस्कार मंडळी. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये यंदा गेमिंग स्पर्धा ठेवतोय. बीजीएमआय (मोबाइलवरचा शूटिंग गेम), चार जणांची टीम, क्लासिक मॅच, म्हणजे शेवटपर्यंत जिवंत राहील ती टीम जिंकली. आणि भाड्याच्या पीएस५ कन्सोलवर टेकन ८ हा मारामारीचा गेम. नोंदणीची वही भरत आली, पण एकाही मुलीचं नाव नाही. कमिटीतल्या एका काकांचा निष्कर्ष तयार आहे: "त्यांना रांगोळी आहे की!" दुसरी सूचना अशी आली की 'लेडीज स्पेशल' ठेवा आणि त्यात कँडी क्रश ठेवा.

मला दोन्ही पटत नाही. मुली खेळतात पण नाव देत नाहीत, की मुळात खेळतच नाहीत? आणि नियमांत नेमकं काय बदललं तर फरक पडेल? 'जनजागृती करा' छापाचे सल्ले कृपया नकोत. वहीत काय लिहायचं ते सांगा.

सातारी_तडका
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी गाठणार हा धागा.

घाटावरचा_स्नायपर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शूटिंग गेममध्ये मुलींना रस नसतो. दिशा, अंतर, निशाणा यांत मुलांचा मेंदू जास्त चालतो, नैसर्गिक आहे ते. ज्यांना खेळायचंय त्या खेळतातच, त्यांना कोणी अडवलंय? ओढूनताणून नावं भरण्यात काय अर्थ?

रेवा_क
सचिव, घोळ तुमच्या वहीतच आहे. तुम्ही चार जणांची टीम मागितलीत. ती टीम बनते कशी? रँडम मॅचमध्ये माइकवर बोलता बोलता ओळख होते, दोन-चार मॅच बरोबर खेळल्या जातात, मग ग्रुप तयार होतो. मुलगी माइक उघडत नाही, त्यामुळे तिचा ग्रुप होत नाही. खेळ तिचा चांगला असेल, पण वहीत लिहायला बाकीची तीन नावं कुठून आणणार?

माइक का उघडत नाही हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मुलीचा आवाज आला की लॉबीतच "अरे, मुलगी आहे रे" सुरू होतं. मग एकतर फ्रेंड रिक्वेस्टचा पाऊस, नाहीतर "आवाज बदलून बोलतोय" असा आरोप, नाहीतर पहिल्याच चुकीला स्वयंपाकघराचा रस्ता दाखवणं. म्हणून बहुतेक जणी मिनिमॅपजवळचं माइकचं चिन्ह बंदच ठेवतात आणि मार्कर (नकाशावरची खूण) व क्विक चॅट (तयार छोटे संदेश) यांवर भागवतात.

आता याचा खेळावर काय परिणाम होतो बघा. क्विक चॅटवर "समोर शत्रू आहे" एवढंच सांगता येतं. "टेकडीमागे दोघं, एक नॉक (आडवा पडलेला) आहे, दुसरा त्याला रिव्हाइव्ह करतोय (उठवतोय), आत्ताच पुश करा (चाल करून जा)" हे बोटांनी सांगता येत नाही. शेवटच्या वर्तुळात मॅच नेमकी अशा वाक्यांवर जिंकली जाते. म्हणजे आधी तोंड बंद करायला लावायचं आणि मग "मुलींना टीमवर्क जमत नाही" म्हणायचं.

उपाय साधा आहे. नोंदणी एकेकट्याने, टीम चिठ्ठ्या टाकून.

कोथिंबीर
रेवा +१. चिठ्ठ्यांमुळे ती नवीन आलेली, कुणाशी ओळख नसलेली, चष्मेवाली मुलंही येतील. ग्रुप नसणं हे फक्त मुलींचंच दुखणं नाही.

तिसरा_अंपायर
@घाटावरचा_स्नायपर, 'नैसर्गिक' हा शब्द जपून वापरा. २००७ साली टोरांटो विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. मनातल्या मनात आकृती फिरवून ओळखणं आणि नजरेच्या कडेला काय चाललंय ते टिपणं या दोन गोष्टींत स्त्री-पुरुषांत फरक दिसतो, तो आधी मोजला. मग एका गटाकडून १० तास ॲक्शन शूटिंग गेम खेळवून घेतला, दुसऱ्याकडून तेवढाच वेळ कोड्याचा थ्रीडी गेम. पुन्हा चाचणी घेतली तर शूटिंगवाल्या गटातल्या बायकांची सुधारणा पुरुषांपेक्षा जास्त, नजरेच्या चाचणीत तर फरक जवळपास पुसलाच गेला. कोड्याच्या गेमने काही झालं नाही. मेंदूतला फरक १० तासांच्या सरावाने एवढा हलत असेल तर तो निसर्गाचा किती आणि हातात लहानपणापासून काय दिलं गेलं त्याचा किती, हे तुम्हीच ठरवा.

घाटावरचा_स्नायपर
प्रयोगशाळा वेगळी, बीजीएमआयमधला इरँगेलचा नकाशा वेगळा. टॉप लेव्हलला मुली का दिसत नाहीत मग?

निळाई
दिसल्या तर तुम्ही मानता का, हा खरा प्रश्न आहे. दक्षिण कोरियातल्या गेगुरीचं प्रकरण वाचा. २०१६ साल, ओव्हरवॉच हा शूटिंग गेम, वय १७. झार्या हे पात्र खेळायची. झार्याचं हत्यार गोळी मारत नाही, किरण सोडतं. म्हणजे एकदा निशाणा लावून काम भागत नाही, उड्या मारणाऱ्या शत्रूवर माउस सतत चिकटून राहावा लागतो. गेगुरीची माउस सेन्सिटिव्हिटी (हात थोडा हलवला की निशाणा किती सरकतो ते) बरीच जास्त, त्यामुळे तिचा क्रॉसहेअर (निशाण्याची फुली) झटक्यात वळून परत चिकटायचा. समोरच्या टीममधले दोघे म्हणाले, हा एमबॉट आहे, हे चीटिंग सॉफ्टवेअर आहे. तिचा खेळ खरा निघाला तर आम्ही खेळणं सोडू असंही बोलून बसले.

कंपनीने तपासून सांगितलं की चीटिंग नाही. तरी गवगवा थांबेना. शेवटी एका गेमिंग वृत्तसंस्थेच्या स्टुडिओत, चेहऱ्यावर मास्क लावून, हात आणि माउस कॅमेऱ्यासमोर ठेवून तिला लाइव्ह खेळून दाखवावं लागलं. तीच सेन्सिटिव्हिटी, तोच निशाणा. आरोप करणाऱ्यांनी खेळ सोडला. २०१८मध्ये ती शांघाय ड्रॅगन्सकडून ओव्हरवॉच लीगमध्ये उतरली, त्या लीगमधली पहिली स्त्री.

मुलगा असता तर लोकांनी तिची सेटिंग्ज कॉपी केली असती.

सातारी_तडका
शेवटचं वाक्य फ्रेम करून सोसायटीच्या हॉलमध्ये लावा.

लेव्हल_९९
टॉप लेव्हलच्या प्रश्नाला आणखी दोन नावं. कॅनडाची स्कार्लेट, २०१८मध्ये प्योंगचांगला स्टारक्राफ्ट २ची मोठी स्पर्धा जिंकली, फायनलला समोर कोरियन माजी विश्वविजेता. आणि चीनची लियून, २०१९मध्ये हर्थस्टोनची जागतिक फायनल जिंकली. दोन्ही स्पर्धा खुल्या, वेगळा महिला गट नव्हता.

तरी संख्या कमीच आहे, ते खोटं नाही. पण वर पोचणारे खालून येतात. खाली शंभर मुलांना स्क्रिमला (सरावाच्या मॅचला) बोलावलं जातं आणि मुलीला नाही, तर वर काय उगवणार?

तिसरा_अंपायर
माइकवरही अभ्यास झालेला आहे. हॅलो ३ या गेममध्ये संशोधकांनी आधीच रेकॉर्ड केलेली साधी वाक्यं, कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या, मॅचमध्ये वाजवली. कधी काहीच वाजवलं नाही. वाक्यं तीच. बाईच्या आवाजाला आलेल्या वाईट शेऱ्यांचं प्रमाण पुरुषाच्या आवाजाच्या तिप्पट निघालं. २०१५मध्ये त्याच धर्तीवर दुसरा अभ्यास आला, त्यातली गंमत अशी की बाईच्या आवाजावर जास्त खेकसणारे हे खालच्या कौशल्याचे खेळाडू होते. चांगले खेळणारे तुलनेने सभ्य वागले.

घाटावरचा_स्नायपर
म्हणजे मी नूब (कच्चा खेळाडू), असंच ना? :)

कोथिंबीर
आम्ही काही म्हणालो नाही हो, अभ्यास म्हणतोय. (दिवा घ्या, म्हणजे लाइटली घ्या.)

वरणभात_लिंबू
कँडी क्रशला इथे सगळे हिणवताहेत म्हणून थोडं अवांतर. त्यात चार जुळवले की पट्टेरी कँडी, एल किंवा टी आकारात पाच जुळवले की गुंडाळलेली, सरळ रेषेत पाच म्हणजे कलर बॉम्ब. कलर बॉम्ब पट्टेरीला लावला की त्या रंगाच्या सगळ्या कँड्या पट्टेरी होऊन फुटतात. चाली मोजक्या, त्यामुळे पटावर खालच्या बाजूला जुळवायचं म्हणजे वरून नवीन कँड्या पडून फुकटचे जोड लागतात. वर जुळवलं तर पट हलतच नाही. हजारो लेव्हल पार केलेली काकू हे सगळं कुणी न शिकवता करते आणि आपण तिला 'गेमर नाही' म्हणतो. तिचाच भाचा सापशिडी छापाचा मोबाइल गेम खेळला की मात्र गेमर.

घाटावरचा_स्नायपर
पण कँडी क्रशमध्ये आमनेसामने लढत होत नाही ना. समोर माणूस नाही.

वरणभात_लिंबू
तो मुद्दा मान्य. म्हणूनच सचिवांनी 'लेडीज स्पेशल कँडी क्रश' अजिबात ठेवू नये. प्रत्येकीची लेव्हल वेगळी, तुलना कशी करणार? पंचाईत होईल.

आरजे_पंचगंगा
मी हार्डवेअरकडे वळतो, कारण 'मुलींना कंट्रोल जमत नाही' यामागे बऱ्याचदा हाताचं माप असतं.

हात मोजा: मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या वळीपर्यंत. याच्या साधारण ६० टक्के लांबीचा माउस सोयीचा, असा गेमर लोकांचा ठोकताळा आहे. हात १६.५ सेंटीमीटर असेल तर माउस १० सेंटीमीटरच्या आसपास हवा. बाजारातले बहुतेक गेमिंग माउस १२ ते १२.५ सेंटीमीटरचे, म्हणजे २० सेंटीमीटरच्या पंजासाठी. लहान हाताने असा माउस तळव्यात धरला की बोटं बटणांच्या पुढच्या टोकाला पोचत नाहीत आणि क्लिक जड लागतं. तेव्हा पाम ग्रिप (पूर्ण तळवा टेकवून धरणं) सोडून क्लॉ (बोटं वाकवून) किंवा फिंगरटिप (फक्त बोटांच्या टोकांनी) ग्रिप धरायची आणि माउस हलका घ्यायचा.

यात स्त्री-पुरुष काही नाही. पहिल्या एक्सबॉक्सचा २००१चा कंट्रोलर इतका धिप्पाड होता की लोक त्याला 'ड्यूक' म्हणायचे. जपानी हातांसाठी लहान कंट्रोलर बनवला, आणि तो जगभर इतका आवडला की पुढे सगळीकडे तोच मिळू लागला.

मोबाइलवर: ६.७ इंची फोन, दोन अंगठे, लहान हात असेल तर डाव्या जॉयस्टिकवरून उजवीकडच्या स्कोपच्या बटणापर्यंत सगळं ताणावं लागतं. लेआउटमध्ये जाऊन फायर आणि स्कोपची बटणं कडेच्या जवळ आणा, आकार वाढवा. जायरोस्कोप (फोन झुकवून निशाणा हलवण्याची सोय) 'नेहमी चालू' ठेवा. मग रिकॉइल, म्हणजे बंदुकीचा झटका, फोन किंचित पुढे झुकवून आवरता येतो, अंगठ्याला फक्त फायर दाबायचं काम उरतं. रेड डॉट या बिनझूमच्या स्कोपला जायरोची सेन्सिटिव्हिटी ३०० टक्क्यांच्या आसपास ठेवून सुरुवात करा, जास्त झूमच्या स्कोपला बरंच कमी, नाहीतर निशाणा थरथरतो.

निळाई
आरजे, यात नखांचं राहिलं. हसू नका. टच स्क्रीनला बोटाच्या त्वचेतून विजेचा बारीक बदल कळतो. नख वीज वाहत नाही, त्यामुळे लांब नखाचं टोक टेकलं तर स्पर्श नोंदलाच जात नाही. बोट आडवं टेकवावं लागतं, मग स्पर्शाचा ठिपका मोठा होतो आणि शेजारचं बटण दाबलं जातं. बटणांमध्ये अंतर ठेवलं की काम होतं. हेडसेटखाली कुड्या टोचतात, तिथे जाड मऊ कुशनचा हेडसेट किंवा सरळ इयरफोन.

लेव्हल_९९
मापाचा सगळ्यात ठळक नमुना व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा आभासी जगाचा चष्मा. दोन्ही भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराशी जुळलं नाही तर गरगरतं. बायकांचं हे अंतर सरासरीने पुरुषांपेक्षा थोडं कमी. रिफ्ट एस या हेडसेटमध्ये ते ६३.५ मिलिमीटरवर कायमचं ठोकलेलं होतं. क्वेस्ट २मध्ये ५८, ६३, ६८ असे तीनच खाचे. ५५ मिलिमीटर असलेल्या बाईने काय करायचं? २०२०च्या एका अभ्यासात बायकांना व्हीआरमध्ये जास्त का गरगरतं याचं मोठं कारण हेच न जुळणारं अंतर निघालं. तोपर्यंत सगळे 'बायकांना चक्कर येतेच' म्हणून मोकळे.

सातारी_तडका
धागा गणपती हॉलमधून व्हीआरमध्ये गेला. परत या, आरती सुरू होईल.

माणिकमोती
वेगळा महिला गट हवा की नको, यावर कोणी बोललं नाही. बुद्धिबळात हा वाद आपल्या मराठी माणसांनी केव्हाच पाहिलाय. मुंबईची रोहिणी खाडिलकर १९७६मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली, तर केवढा गहजब झाला. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी स्पष्ट केलं की स्त्रियांना खुल्या स्पर्धांतून अडवता येणार नाही. दुसरीकडे नागपूरची दिव्या देशमुख २०२५मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली आणि त्यातूनच ग्रँडमास्टर झाली. म्हणजे महिला गट जिना म्हणून उपयोगी पडतो. खुला दरवाजा बंद करायला तो वापरला की वाट लागते.

व्हॅलोरंट या शूटिंग गेममध्ये २०२१पासून 'गेम चेंजर्स' ही महिलांच्या स्पर्धांची मालिका अशाच विचाराने चालते, २०२२मध्ये बर्लिनला तिची पहिली जागतिक स्पर्धा झाली. त्यात खेळणाऱ्यांना खुल्या लीगचं दार बंद नाही.

रेवा_क
माणिकमोती, तत्त्व पटलं, पण सोसायटीच्या पातळीवर वेगळा गट केला तर त्यात चार नावं येतील, प्रेक्षक चहाला जातील आणि काका म्हणतील "बघा". वेगळा गट हवा तर सरावाचा ठेवा. स्पर्धेआधी एखादी संध्याकाळ, हॉल उघडा, दोन कंट्रोलर, फक्त मुली. स्पर्धा एकच.

घाटावरचा_स्नायपर
सराव सत्राला माझा पाठिंबा. पण चिठ्ठ्यांत नवखी मुलगी आली तर बाकी तिघांचं नुकसान नाही का? ते तिला हीलर (बाकीच्यांना बरं करणारी) करून मागे बसवणार.

निळाई
अनुभवी तिघं असतील तर नवख्या मुलालाही मागे बसवतील, त्याला कोणी 'मुलाचा रोल' म्हणत नाही. बाय द वे, 'सपोर्ट म्हणजे सोपं, म्हणून मुलींचं' हेही चूक. व्हॅलोरंटमध्ये सेज या सपोर्ट पात्राची भिंत दोन सेकंद आधी उभारली तर वाया, उशिरा उभारली तर शत्रू आत. समोरच्या कुणाचा अल्टिमेट (सगळ्यात मोठा डाव) तयार आहे हे डोक्यात ठेवून ते करावं लागतं.

आणि व्हॅलोरंटवर आहोतच तर रँडम खेळणाऱ्या मुलींसाठी: सेटिंग्जमध्ये पार्टी व्हॉइस (आपल्या ओळखीच्या ग्रुपपुरता) आणि टीम व्हॉइस वेगळे आहेत, टीम व्हॉइस बंद करून मैत्रिणींशी बोलता येतं. पार्टीबाहेरच्यांना खरं नाव दिसू नये असा पर्यायही आहे, मग फक्त पात्राचं नाव दिसतं. एकच जण त्रास देत असेल तर एस्केप दाबून खेळाडूंच्या यादीत फक्त त्याचा आवाज आणि मजकूर बंद करा, बाकीचे ऐकू येत राहतात. पिंगसाठी (नकाशावर खूण करायला) झेड बटण, दाबून धरलं की चक्र उघडतं. आणि रिपोर्ट मॅच चालू असतानाच करून टाका, नंतर राहून जातं.

आरजे_पंचगंगा
नवख्यांच्या प्रश्नाला उत्तर: क्लासिक मॅच ठेवूच नका. क्लासिकमध्ये पहिल्या दोन मिनिटांत मेलं की पुढची २५ मिनिटं खुर्चीत बसून दुसऱ्याचा पडदा बघायचा. टीम डेथमॅच (टीडीएम) ठेवा, वेअरहाउस मॅप. चार विरुद्ध चार, ४० किल किंवा १० मिनिटं, मेलं की लगेच परत जिवंत. नवखी व्यक्ती पाचव्यांदा मरेपर्यंत कोपरे ओळखायला लागते. गेममधलं रूम कार्ड घेऊन पासवर्डची कस्टम रूम (फक्त आपल्यापुरती मॅच) करा.

दुसरं, फोन. घरात नवा फोन बहुतेक वेळा मुलाकडे आणि जुना बहिणीकडे असतो. सेकंदाला ९० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या फोनसमोर ३०वर अडखळणारा फोन म्हणजे निकाल आधीच लागला. नियम लिहा: टॅबलेट नाही (आयपॅडवर आजूबाजूचं जास्त दिसतं), ट्रिगर (फोनला लावायची जादा बटणं) नाही, सगळ्यांनी ग्राफिक्स 'स्मूद', फ्रेम रेट 'एक्स्ट्रीम', म्हणजे कमाल ६०. शक्य असेल तर चार-पाच बरे फोन कमिटीच्या ताब्यात ठेवा, ज्याला हवा त्याला द्यायचा. पण लेआउट ज्याचा त्याचा असतो, म्हणून स्वतःच्या खात्याने लॉगिन करायला पाच मिनिटं द्या. जुना फोन असेल तर मागचं कव्हर काढायचं आणि चार्जिंगला लावून खेळायचं नाही. तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि ऐन मारामारीत पडदा गचके खातो.

सचिव_बी_विंग
बरंच हाती लागलं, आभार. वहीचं पान फाडून नवीन केलं: नोंदणी एकेकट्याची, टीम चिठ्ठ्यांनी, टीडीएम, फोनचे नियम, आदल्या दिवशी मुलींसाठी सराव. गेममधला व्हॉइस बंद, कारण चौघं शेजारी शेजारीच बसतील.

टेकनचं वेळापत्रक कसं करू? १६ जणांसाठी एक पीएस५ पुरेल का?

लेव्हल_९९
सिंगल एलिमिनेशन (एकदा हरला की बाहेर) म्हणजे १५ मॅच, पण निम्मे लोक एका हरण्यात घरी जातात. डबल एलिमिनेशनला (दोनदा हरला की बाहेर) ३० मॅच, फायनल उलटली तर ३१. एका गेममध्ये तीन राउंड जिंकायचे, राउंड कमाल ६० सेकंदांचा, तीनपैकी दोन गेम धरले तर पात्र निवडण्यासकट मॅचला साधारण आठ मिनिटं. ३० गुणिले आठ म्हणजे चार तास. एका कन्सोलवर हे जमेल, पण आरतीच्या आधी संपवायचं असेल तर दोन भाड्याने घ्या.

टेकन ८मध्ये सोप्या कंट्रोलची स्टाइल आहे, एका बटणावर कॉम्बो निघतात. ती चालेल की नाही हे आधीच लिहून टाका, नाहीतर हॉलमध्ये भांडण.

सातारी_तडका
आणि एडी या पात्रावर बंदी घाला! टेकन ३पासून बटणं बडवणाऱ्यांचं कुलदैवत आहे तो.

घाटावरचा_स्नायपर
एडीवर बंदी नको, तोच एक मला येतो.

कोथिंबीर
वायफायचं बघा. सोसायटीच्या एका राउटरवर आठ खेळणारे आणि पन्नास बघे रील्स पाहत बसले की पिंग (इंटरनेटचा उशीर) उड्या मारणार. खेळाडूंसाठी वेगळं नाव आणि पासवर्ड, ५ गिगाहर्ट्झवर, बघ्यांना तो द्यायचाच नाही. गेमला डेटा थोडाच लागतो, पण अपडेट गिगाबाइटमध्ये येतो. तो सगळ्यांनी घरून करून यायचं, असं वहीत ठळक लिहा.

सचिव_बी_विंग
शेवटचा प्रश्न. काका आता विरघळलेत आणि 'उत्कृष्ट महिला खेळाडू' असं खास बक्षीस स्वतःच्या खिशातून देतो म्हणताहेत. ठेवू का?

रेवा_क
पैसे घ्या, नाव बदला. टीडीएम संपली की निकालाच्या पडद्यावर एमव्हीपी (त्या मॅचचा सर्वोत्तम खेळाडू) गेमच दाखवतो. प्रत्येक मॅचचा स्क्रीनशॉट घ्या, सगळ्यात जास्त वेळा जिचं किंवा ज्याचं नाव येईल त्याला काकांचं बक्षीस. बरोबरी झाली तर वेअरहाउसमध्येच एकास एक खेळवा.